पोरीच्या कॉलेजसाठी महिन्याला किती टाकत जाऊ?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
प्रत : मा. आदिवासी विकास मंत्री

महोदय,


मी शहापूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवते आणि कसाऱ्यात राहते. हिशेब शिकवणारी बाई म्हटल्यावर गावातली माणसं पैशाचे प्रश्न घेऊन घरी येतात. कुणाला बचत गटाचं व्याज बरोबर लावलंय का ते बघून हवं असतं, कुणाला पोस्टातल्या पावतीची मुदत कळत नसते. बहुतेक प्रश्नांची उत्तरं मी ओसरीवर बसून देऊ शकते. एका प्रश्नाचं मात्र अर्धंच उत्तर माझ्याकडे आहे. उरलेलं अर्धं आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

प्रश्न असा असतो : "बाई, पोरीच्या कॉलेजसाठी आतापासून महिन्याला किती टाकत जाऊ?"

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर याचं उत्तर नेहमी छापून येतं. मूल जन्मलं की एसआयपी सुरू करा, शिक्षणाचा खर्च दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढेल असं धरा, अठराव्या वर्षी पंचवीस-तीस लाख हाताशी असू द्या. पंचवीस लाख हा आकडा मी ओसरीवर उच्चारला, तर समोरची बाई उठून जाईल आणि पोरीला बारावीनंतर घरी बसवेल. तो सल्ला चुकीचा नाही. पण तो एक तारखेला पगार खात्यात येणाऱ्या घरासाठी लिहिलेला असतो. सीएसएमटीपासून कसारा 121 किलोमीटरवर आहे, लोकलने अडीच तासांच्या आसपास लागतात. पैसा घरात येण्याच्या रीतीत मात्र या दोन टोकांमध्ये याहून पुष्कळ मोठं अंतर आहे.

आमच्याकडे पैसा ऋतूने येतो. भाताची झोडणी दिवाळीच्या पुढेमागे होते. मग गवताची कापणी, त्याचे थोडे पैसे. दिवाळीनंतर कातकरी आणि इतरही काही घरं वीटभट्टीवर जातात. त्यांची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते, भट्टीवर ती फेडायची असते. एप्रिल-मेमध्ये करवंदं, जांभळं, आळू पाट्यांत भरून बायका पहाटेच्या लोकलने कल्याण-ठाण्याला नेतात. जून उजाडला की बी-बियाणं, खत, औताचं भाडं, आवणीची मजुरी. जून-जुलैत घरातून पैसा बाहेर जातो, आत काही येत नाही. शिल्लक असलेला तांदूळही गौरी-गणपतीपर्यंत पुरवायचा असतो.

आणि महाविद्यालयांचे प्रवेश नेमके जून-जुलैत होतात. दाखले, झेरॉक्स, नोंदणी शुल्क, पहिल्या सत्राचे पैसे, पास, नवीन चप्पल, पुस्तकं. शहरात राहायचं तर कॉटचं डिपॉझिट. वर्षभराच्या खर्चातला मोठा वाटा त्या सहा आठवड्यांत द्यावा लागतो. मी जितक्या मुलांचं शिक्षण थांबलेलं बघितलं, त्यांतली बरीच चार वर्षांचा खर्च झेपला नाही म्हणून थांबलेली नाहीत. जुलैमध्ये हातात आठ-दहा हजार नव्हते म्हणून थांबली. दिवाळीला तेच आठ-दहा हजार घरात होते, पण तोवर प्रवेश बंद झाले होते आणि पोरगा आसनगावच्या एखाद्या गोदामात रोजंदारीला लागला होता. एकदा हातात रोज आला की पुढल्या जूनमध्ये त्याला परत वर्गात आणणं फार अवघड असतं.

त्यामुळे "किती" या प्रश्नाआधी "कधी" हा प्रश्न येतो. तरीही किती ते सांगायलाच हवं. मी लोकांना जो हिशेब मांडून दाखवते तोच इथे मांडते.

कसाऱ्याच्या आसपासच्या वाडीतली मुलगी शहापूरला किंवा कल्याणला अनुदानित महाविद्यालयात बी.ए. किंवा बी.कॉम. करते आहे, रोज घरून ये-जा करते आहे, असं धरा. शुल्क आणि परीक्षेचे मिळून सात हजार. वाडीपासून स्टेशनपर्यंत जीप आणि पुढे रेल्वेचा पास, वर्षाचे दहा हजार. पुस्तकं, वह्या आणि मोबाईलचं रिचार्ज, पाच हजार. दिवसभर पोटात काहीतरी हवं म्हणून वडापाव-चहाचे तीन हजार. एकूण पंचवीस हजार. कुठल्या वाडीहून येते त्यावर हजार-दोन हजार इकडे-तिकडे. हा हिशेब माझा आहे, कुठल्या अहवालातला नाही, पण आपण कुठल्याही घरी बसून तो ताडून बघावा.

पंचवीस हजार म्हणजे किती? 2025-26 साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे साडेदहा क्विंटल भात. त्याच वर्षी रोजगार हमीचा राज्यातला दर दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे ऐंशी दिवसांची मजुरी. अनेक घरांना वर्षाचं खाऊन विकायला साडेदहा क्विंटल उरत नाही, आणि ऐंशी दिवसांचं काम सलग मिळत नाही.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांनी घेता येते, ऑनर्ससाठी चौथं वर्ष. चार वर्षं धरली तर आजच्या भावाने एक लाख रुपये. हा माझा आकडा आहे. कसाऱ्यातल्या, डोळखांब-किन्हवलीतल्या, मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या ज्या घरात थोडंफार नियमित उत्पन्न आहे, त्या घराने आपल्या मुलासाठी एक लाखाचं लक्ष्य ठेवावं. मूल जन्मल्यापासून पोस्टात दर महिन्याला 250 रुपये आवर्ती ठेवीत टाकले, मुदत संपली की ती रक्कम न मोडता पुन्हा गुंतवली आणि आजचा 6.7 टक्के व्याजदर टिकला, तर अठराव्या वर्षी लाखाच्या थोडे वर जातात. मूल तिसरीत असताना सुरुवात केली तर महिन्याला 600 लागतात. महागाई त्यातला काही भाग खाऊन टाकेल, म्हणून जमेल तसा हप्ता वाढवत न्यावा. हे सांगितल्यावर बायका उठून जात नाहीत. 250 हा त्यांच्या ओळखीचा आकडा आहे, भिशीत त्या तेवढे टाकतच असतात.

जुलै 2024 पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये मिळणाऱ्या काही जणी त्यातले पाचशे वेगळे काढतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. पण मला भीतीही वाटते. किराणा, औषध, लाईटबिल, पोरीचं कॉलेज, असं सगळंच त्या दीड हजाराच्या भरवशावर सोडून दिलं जाईल आणि एखाद्या वर्षी हप्ता थांबला की कॉलेजचे पाचशे सगळ्यात आधी बुडतील. आईच्या हातातल्या या पैशाला शिक्षणाची योजना समजू नये, एवढंच आपल्याला सांगते.

आता त्या लाखाच्या पलीकडे येते. शहरात राहून शिकायचं झालं की सगळा हिशेब बदलतो. कल्याण-ठाण्यात कॉट, मेस आणि वरखर्च मिळून महिन्याला आठ हजारांच्या खाली भागत नाही. दहा महिन्यांचे ऐंशी हजार, शिवाय डिपॉझिट. चार वर्षांचे साडेतीन लाख, तेही शुल्क सोडून. त्यासाठी तिसरीपासून महिन्याला दोन हजारांच्या वर टाकायला हवेत. कसाऱ्यात रेल्वेतल्या माणसाला ते जमेल, शिक्षकाला जमेल, मुरबाड एमआयडीसीत कायम असलेल्याला कदाचित जमेल. बाकीच्यांना नाही. खासगी अभियांत्रिकी किंवा फार्मसीचं लाख-सव्वा लाखाचं वार्षिक शुल्क त्यात मिळवलं, तर बोलणंच नको.

इथेच माझा मुद्दा आहे. घराने एक लाखाची बाजू सांभाळावी. शहरात राहण्याचा आणि व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्काचा भार शासनाने उचलावा. आणि शासनाचा वाटा जून-जुलैत यावा.

पहिली दोन वाक्यं तशी नवी नाहीत, आपल्या सरकारने ती कागदावर मान्य केलेली आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करण्याचा जुलै 2024 चा निर्णय मी वर्गात वाचून दाखवला होता. तो मोठा निर्णय आहे. आमच्याकडच्या कुणबी आणि आगरी घरांत त्यामुळे "मुलीला इंजिनिअरिंगला घालायची" हे वाक्य पहिल्यांदा उघडपणे बोललं गेलं. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिची वर्षाची रक्कम 60 हजार ठरली : जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, निर्वाहाचे 8 हजार. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

योजनांची कमतरता आहे अशी माझी तक्रार नाही. माझी तक्रार तारखेची आहे.

खर्च जुलैत होतो आणि पैसे येतात तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं, कधी पुढचं वर्षही सुरू झालेलं असतं. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायचा, महाविद्यालयाने तो पुढे पाठवायचा, मग छाननी, मग त्रुटी, मग आधार बँक खात्याला जोडलेलं नाही म्हणून परत. तोवर कॉटवाला भाडं मागतो, मेसवाला डबा बंद करतो. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये असं शासन वेळोवेळी बजावतं. पण खिडकीवर उभ्या असलेल्या मुलाला "आत्ता भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असं सांगितलं तर तो काय करेल? त्याच्या वडिलांना तर मंत्रालयाचं परिपत्रक माहीतही नसतं. ते गावी येऊन कुणाकडून तरी शेकड्याने पैसे उचलतात. त्या व्याजाची भरपाई कुठल्याच योजनेत नाही.

म्हणजे होतं असं की ज्या घरात शिल्लक आहे त्याच घराला शिष्यवृत्तीचा पुरता फायदा मिळतो, कारण ते घर आठ-दहा महिने थांबू शकतं. ज्याच्यासाठी योजना काढली तो थांबू शकत नाही. पालकांनी किती साठवावं या प्रश्नाचं आजचं खरं उत्तर म्हणूनच फार विचित्र आहे : शासन जितके महिने उशीर करतं, तितक्या महिन्यांचा खर्च साठवा. हे उत्तर मला वाडीवरच्या आईला द्यावं लागतं, आणि ते देताना मला लाज वाटते.

या संदर्भात 1913 ची आठवण करून द्यावीशी वाटते. भीमराव आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्या वर्षी फेब्रुवारीत वारले. सैन्यातून निवृत्त झालेल्या सुभेदाराच्या पेन्शनीतून न्यूयॉर्कच्या शिक्षणाची बचत होणं शक्यच नव्हतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि जुलैत भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. आधी स्वतःच्या पैशाने शिका, पावत्या जोडा, मग बघू, असं बडोदा संस्थान म्हणालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आपण सगळ्यांनीच करावा. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, तीही मुलं शाळेत यायच्या आधी त्यांच्या राहण्याची सोय हवी म्हणून. त्यांच्याच नावाने आज शुल्क शिष्यवृत्ती योजना चालते. त्या योजनेचे पैसे वेळेवर पोचावेत एवढं तरी आपण त्या नावासाठी करायला हवं.

2018 साली शासकीय आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचा निर्णय झाला. खात्यात पैसे टाकण्याला माझा सरसकट विरोध नाही, मोठ्या मुलांना त्याने मोकळीकही मिळते. पण जुलैमध्ये मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी का निघाली होती, ते आपल्या सहकाऱ्यांना विचारा. ताटात जेवण आणि खात्यात रक्कम या दोन्हींत फरक एवढाच की ताट उशिरा येऊन चालत नाही, हे त्या मुलांना कळलं होतं.

ओबीसींच्या आधार योजनेत जिल्ह्याला 600 मुलांची मर्यादा आहे. कागदावर सगळे जिल्हे सारखे दिसतात. पण ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, भिवंडी, उल्हासनगर, मिरा-भाईंदर ही सगळी शहरं येतात आणि शहापूर, मुरबाडही येतात. त्या 600 मध्ये डोळखांबचा मुलगा कुठे बसणार? ग्रामीण तालुक्यांचा कोटा वेगळा हवा.

लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार मिळतात, त्यातले 75 हजार अठराव्या वर्षी. माझ्या हिशेबातल्या एका लाखाच्या अगदी जवळ जाणारी ही रक्कम आहे आणि मी नव्या आयांना तिचे कागद आवर्जून करायला लावते. मात्र ती 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पहिली मुलगी अठराची होईल 2041 साली. आज अकरावीच्या बाकावर बसलेल्या मुलीसाठी त्यात काही नाही. तिच्यासाठी मधली सोय कोणती?

केंद्राच्या सुकन्या समृद्धी योजनेबद्दलही एक गोष्ट आपल्यामार्फत दिल्लीला कळावी असं वाटतं. सध्या तिचं 8.2 टक्के व्याज पोस्टातल्या बहुतेक इतर खात्यांपेक्षा चांगलं आहे, वर्षाला 250 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, म्हणून मी ती सुचवते. पण नियम असा की मुलगी अठराची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी खात्यातली निम्मीच रक्कम काढता येते. अठरानंतर लग्न ठरलं तर मात्र खातं बंद करून सगळी रक्कम हातात मिळते. मुलीच्या नावाच्या खात्यात लग्नाला पूर्ण आणि शिक्षणाला अर्धं असं का असावं? ज्या घरात आधीच "शिकून काय करणार" असा सूर असतो, तिथे हा नियम त्या सुराच्या बाजूने उभा राहतो.

एसटीचंही तसंच. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावी मोफत पास मिळतो. त्या पासाने या भागातल्या किती मुली शाळेत टिकल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बारावीचा निकाल लागतो आणि तो पास बंद होतो. महाविद्यालय शाळेपेक्षा लांब असतं, नेमकं तेव्हाच. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्या मुलीला एसटी किंवा जीप हाच मार्ग. तो पास पदवीपर्यंत न्यायला राज्याच्या तिजोरीवर किती बोजा पडेल? आणि गाडी पहिल्या तासाला पोचेल अशा वेळेला सोडणं, याला तर बोजाही नाही.

पालकांनाही मी एक गोष्ट ठासून सांगते, आपल्यासमोरही सांगते. प्रवेशासाठी जमीन विकू नका. वाशिंद, आसनगाव, शहापूरच्या बाजूला फार्महाऊस आणि प्लॉटिंगवाल्यांचे दलाल जून महिन्यात वाड्यांवर जास्त फिरतात असं माझं निरीक्षण आहे, कारण घराला पैशाची नड कधी असते हे त्यांना आपल्या खात्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. खासगी महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या शुल्कापायी रस्त्यालगतचे चार-पाच गुंठे जातात, दुसऱ्या वर्षी पुन्हा चार-पाच. शिक्षण अर्धवट सुटलं तर जमीनही गेलेली असते. समृद्धी महामार्गात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हातात एकरकमी मोबदला आला. त्या वेळी त्यातला थोडा भाग मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा सल्ला देणारं कुणी सरकारी माणूस घरोघरी गेलं असतं तर बरं झालं असतं. रस्ता झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही जून 2025 मध्ये सुरू झाला. ते पैसे मात्र बऱ्याच घरांत घर आणि गाडी यांतच संपले.

शैक्षणिक कर्जाला मी घाबरवत नाही. नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकी अशा, नोकरी दिसणाऱ्या शिक्षणाला कर्ज घ्यावं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हा नियम पालकांनी पाठ करून ठेवावा. शाखेत गेल्यावर सातबारा मागितला जातो, तेव्हा तो उपयोगी पडतो.

या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहणारी घरं आहेत. वीटभट्टीवर जाणारं कातकरी कुटुंब, ज्याची पुढच्या वर्षाची मजुरी यंदाच खाऊन झालेली असते. त्यांनी किती साठवावं? माझं उत्तर शून्य आहे. त्यांना बचतीचा उपदेश करू नये. त्या घरातला मुलगा किंवा मुलगी बारावी झाली असेल, तर आपल्या वाट्याचं सगळं त्या घराने केलेलं आहे. भट्टीवर जाताना पोराला आश्रमशाळेत मागे ठेवणं, सहा महिने त्याच्या कमाईवर पाणी सोडणं, हीच त्या घराची बचत. पुढचा प्रत्येक रुपया शासनाचा असायला हवा, आणि तो आधी हवा. त्यातच ठाकूर समाजाच्या मुलांना जात पडताळणीसाठी ठाण्याच्या समितीकडे जे खेटे घालावे लागतात, आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधत फिरावं लागतं, त्यात मजुरीचे दिवस बुडतात आणि प्रवेशाची मुदतही. बारावीच्या वर्षात घाई करण्याऐवजी नववीतच शाळेने हे अर्ज पाठवावेत आणि समितीने दोन वर्षांत निकाल द्यावा, अशी सोय दोन खात्यांनी मिळून करायला काय हरकत आहे?

मला काय हवं आहे ते सांगते. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. तिथे एक प्रवेश निधी ठेवा. ज्या मुलाला प्रवेश मिळाला आणि जो शिष्यवृत्तीला पात्र दिसतो, त्याला जात कुठलीही असो, प्रवेशाच्या आठवड्यात पंधरा हजार रुपये उचल द्या. पुढे शिष्यवृत्तीची रक्कम आली की उचल त्यातून वळती करून घ्या. भट्टीमालक उचल देतो, गावातला सावकार देतो. पोराला शाळेतून बाहेर काढणाऱ्याकडे उचल तयार असते आणि पोराला शिकवणाऱ्याकडे नसते, हे चित्र बदलायला एका तालुक्यासाठी फार मोठी रक्कम लागणार नाही. एक वर्ष शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत करून बघा.

दुसरं, कल्याणमध्ये शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींसाठी मोठी वसतिगृहं. स्वयम् आणि आधारचे पैसे कॉटवाल्याच्या खिशात घालण्यापेक्षा ते कायमचं होईल. जागा आणि निधी कुठून, असं विचारलं जाईल. भातसा आणि तानसा ही धरणं आमच्या तालुक्यात आहेत. मुंबईला रोज जाणाऱ्या पाण्यातला फार मोठा वाटा आमच्या डोंगरांतून जातो, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. हे आम्ही अनेक वर्षं सहन केलं आहे. त्याच्या बदल्यात मुंबई महापालिकेने कल्याणात चार-पाचशे मुलांच्या राहण्याची इमारत बांधून द्यावी, असं राज्याने तिला सांगणं मला मुळीच अवास्तव वाटत नाही. घर सोडून राहणाऱ्यांच्या योजनांची रक्कमही दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावी, त्यासाठी मुलांना मोर्चा काढायला लागू नये.

तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे. आठवीत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी एक पानाचं पत्रक द्या. कुठल्या शिक्षणाला वर्षाला किती खर्च येतो, त्यातलं शासन काय देतं, कुणाला देतं, कुठले दाखले कधीपासून काढायला लागावं, आणि घराने स्वतः किती तयारी ठेवावी. आठवीपासून अठरापर्यंत पाच वर्षं मिळतात. पाच वर्षांत माणूस पंचवीस-तीस हजार जमवू शकतो, पण कशासाठी आणि किती ते माहीत असेल तर. आज हे आकडे आमच्या लोकांना प्रवेशाच्या खिडकीवर पहिल्यांदा कळतात. पत्रक सोप्या मराठीत असावं. त्याचा मसुदा हवा असेल तर मी आणि माझे सहकारी आनंदाने करून देऊ.

आणि त्या पत्रकात एक तारीख छापलेली असावी : शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अमुक दिवशी खात्यात येईल. ती तारीख 15 जुलैच्या आतली असावी. येत्या बारावीच्या निकालाआधी ही तारीख आपण जाहीर करू शकाल का, ते कृपया कळवावं. त्यावरून मला ओसरीवर येणाऱ्या आयांना महिन्याचा हप्ता सांगता येईल.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका,
कसारा, ता. शहापूर, जि. ठाणे